‘गुरुमाउली’ : टिळकांच्या ख्रिस्तभक्तीतील देव आणि मानव

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या ख्रिस्तपर कवितेविषयी ‘आशय ख्रिस्ती, अभिव्यक्ती वारकरी’ असे विधान अनेकदा केले जाते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे म्हटल्यामुळे त्या विधानाला बळही मिळते. परंतु त्यात अभंग हे केवळ पात्र आणि ख्रिस्ती श्रद्धा हा त्यात ओतलेला द्रव, असे गृहीत धरलेले असते. देव-मानव संबंधाच्या संदर्भात हे गृहीतक टिकत नाही.

ख्रिस्ती ईश्वरविद्येत या संबंधाचा पाया निर्मितीच्या सिद्धान्तात आहे. देवाने विश्व शून्यातून निर्माण केले. ते त्याच्या स्वरूपाचा विस्तार नव्हे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडलेला असला, तरी तो देवाचा अंश नाही. इ. स. ३२५ च्या नायसिया येथील धर्मपरिषदेने ‘जनित’ आणि ‘निर्मित’ यांत काटेकोर भेद केला : पुत्र पित्यापासून जनित, म्हणून पित्याशी एकतत्त्व, अन्य सर्व निर्मित. मानवाचे देवपुत्रत्व त्यामुळे स्वभावसिद्ध नसून कृपालब्ध ठरते. पौलाने त्यासाठी दत्तकविधानाची प्रतिमा योजली, ती याच कारणाने अर्थपूर्ण आहे.

वारकरी परंपरेची धारणा वेगळी आहे. तेथे भक्ती आणि अद्वैत परस्परांना छेद देत नाहीत. देव-भक्तांतील भेद हा पुष्कळदा भक्तिसुखासाठी राखलेला भेद असतो. अशा परंपरेत ‘माउली’ हे संबोधन सहज शोभते, कारण आई आणि लेकरू यांच्यात सत्तेचे सातत्य असते. तेच संबोधन ख्रिस्ताला लावताच मात्र प्रश्न उभा राहतो. दत्तकाचे नाते रक्ताचे झाले, तर निर्मितीचे अंतर पुसले जात नाही काय? आणि ते पुसले गेल्यास कृपेला काय अर्थ उरतो?

टिळकांच्या ‘गुरुमाउली’ या संबोधनाचे महत्त्व येथे प्रकट होते. गुरू जन्म देत नाही. तो दुसरा जन्म घडवितो. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त निकदेमाशी बोलतो तेही याच पुनर्जन्माविषयी. ‘गुरू’ हे पद ‘माउली’तील सातत्याला मर्यादा घालते, तर ‘माउली’ हे पद दत्तकविधानातील विधिरूप कोरडेपणा दूर करते. ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणणाऱ्या भाषेत हा संयोग आधीच सिद्ध होता. टिळकांनी त्याच्याकडून नवे काम करून घेतले.

हा तोल सर्वत्र राखला जाणे कठीणच. वात्सल्य एकटेच उरले, तर पाप आणि क्षमा यांच्यातील ताण सैल होतो, आणि त्या ताणाशिवाय क्रूसाची अपरिहार्यता उरत नाही. ‘अभंगांजली’चे मूल्यमापन म्हणून ‘वारकरी वळण’ दाखवून थांबू शकत नाही. कोणत्या रचनेत हा ताण जिवंत आहे आणि कोठे तो केवळ आर्ततेत विरघळला आहे, हे तपासावे लागते. टिळकांचे धर्मांतर जितके श्रद्धेचे, तितकेच ते ‘माउली’ या शब्दाचेही होते. आणि धर्मांतरित शब्द आपले पूर्वसंस्कार पूर्णपणे कधीच टाकीत नाही.