शोकेसमधली बैलजोडी

देहूहून तळवड्याकडं जा, नाहीतर निगडीला जा, कुठल्याही सोसायटीत आपल्या माणसाच्या फ्लॅटवर चढा. चपला काढून सोफ्यावर बसलं की समोर टीव्हीच्या शेजारी काचेत बैलगाडी दिसणार. लाकडाची, पॉलिश मारलेली, वीत-दीड वीत लांब. कुणाकडं एक, कुणाकडं चार-पाच ओळीनं मांडलेल्या. एखादी लग्नात आलेली, एखादी सत्कारात शालीबरोबर मिळालेली, एखादी शर्यतीच्या घाटातलं बक्षीस. काहीजण तर आता हौसेनं जमवतात. गावाला गेलं, यात्रेला गेलं, की नवी गाडी घेऊन येतात. आणि माझ्या पाहण्यात असं आहे, की ज्याचा गोठा मोडून पार्किंग झालं त्याच्याच घरी ही गाडी हमखास असते.

याला मी नावं ठेवत नाही. माणसाला काहीतरी डोळ्यासमोर लागतं. पण कुणी पुस्तकावर लिहितं, कुणी नाटकावर लिहितं, तसं या गाडीवर कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहितो. दहावी शिकलेला माणूस कलेवर काय बोलणार असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. बैलाच्या मानेवर जू कुठं येतं एवढं मला कळतं.

आणि नेमकं तेच या गाड्यांत चुकलेलं असतं. जू वशिंडाच्या पुढं, मानेवर येतं. बैल ओढतो तेव्हा वशिंड त्या जुवाला मागून रेटा देतं, म्हणून गाडी हलते. शोकेसमधल्या दहातल्या आठ गाड्यांत जू वशिंडाच्या मागं पाठीवर चिकटवलेलं असतं. अशी गाडी जुपली तर बैल पुढं निघून जाईल आणि गाडी जागेवर राहील. काही गाड्यांत तर बैलाला वशिंडच नाही, गुळगुळीत पाठ, म्हशीसारखी. शिवळा नाहीत, मानेखालून येणारं जोतं नाही, वेसण नाही. जू आहे ते फेविकॉलनं बसवलेलं. चाकाचे आरे मोजावेत तर नऊ. खरं चाक करताना सुतार घेऱ्याच्या एकेका तुकड्यात दोन-दोन आरे बसवायचा, मग नऊ येतील कुठून?

माझा पुतण्या म्हणतो, “नाना, शोपीस आहे ते. त्याला कुठं उसाची खेप करायचीय?”

बरोबर आहे त्याचं. पण मग मी त्याला खांदेमळणीची आठवण दिली. आमच्या मावळात, खेडात, जुन्नराकडं पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला, बाकी महाराष्ट्राच्या मागाहून एक महिन्यानं. त्याच्या आदल्या दिवशी बैलाची मान-खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी चोळायचं. वर्षभर जिथं जू घासलं, जिथं कातडी निबर झाली, कधी गाठ आली, तिथं हात फिरवायचा. बैलाचा ‘खांदा आला’ म्हणजे सूज आली, तर ऐन पेरणीत घर बसायचं. शिंगं रंगवणं, झूल, बाशिंग, पुरणपोळी हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिला मान त्या चार बोटं जागेचा. आणि आमच्या या शोभेच्या गाडीत तीच चार बोटं चुकलेली. झूल मात्र अगदी टिकल्या लावलेली असते.

पोरं असं चुकत नव्हती. आम्ही लहानपणी ज्वारीच्या धांडाची गाडी करायचो. वरची साल सोलून तिच्या चोया काढायच्या, आतलं भेंड वेगळं करायचं. भेंडाचे बैल, चोयांच्या शिवळा, भेंडाच्याच चकत्यांची चाकं. संध्याकाळपर्यंत मोडायची, जनावरं खाऊन टाकायची. दिसायला ओबडधोबड, पण जू जागेवर असायचं. कारण सकाळीच बापाला गाडी जुपताना पाहिलेलं असायचं.

लाकडी बैल कसा असावा हे बघायचं तर विदर्भात जावं. माझे एक व्याही वर्ध्याकडचे. तिकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरांचा पोळा. नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. लाकडाचा बैल, खाली फळी, फळीला चाकं, पुढं दोरी. पोरं तो सजवतात, ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. व्याह्यांच्या घरातला बैल दोन पिढ्यांचा. एक कान तुटलेला, रंग तीनदा दिलेला. त्याला ना गाडी ना जू. पण वशिंड असं उभं, गळ्याची पोळी अशी लोंबती, की वाटावं हा आत्ता मान हलवील. पाय बैलाच्या मानानं फारच जाड. पण ते बरोबरच, पोरगं चौकातून ओढत नेणार म्हटल्यावर बारीक पाय कसे टिकावे? करणाऱ्यानं बैलही पाहिलाय आणि पोरही पाहिलंय.

आमच्या कोकणातल्या सावंतवाडीचंही तसंच. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळं मी पाहिली आहेत. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर रंग. आंबा घ्या, केळं घ्या, देठाजवळचा हिरवा पिवळ्यात कसा उतरतो ते बघा. ती फळंही शोभेचीच, कुणी खाणार नाही. तरी त्यात चूक नाही, कारण करणाऱ्याच्या परड्यात आंबा आहे. तेव्हा शोभेची वस्तू म्हणून चूक चालते, हे पुतण्याचं म्हणणं मला पटत नाही.

आता आमच्याकडच्या गाड्या कोण करतं? मशीनवर कापलेले सुटे भाग येतात, कुणीतरी चिकटवतं. त्या चिकटवणाऱ्या पोराचा काय दोष, त्यानं बैल जुपलेला पाहिला असेलच असं नाही. पण घेणारे आम्ही! २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली तेव्हा आमच्या भागातली माणसं किती वर्षं झगडली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात कोर्टानं कायदाही मान्य केला. चाकणपासून चिखलीपर्यंत लोकांनी गुलाल उधळला. त्याच घाटात विजेत्याला जी गाडी देतात, तिला दोन बैल. अरे, आपल्या घाटात गाड्याला चार बैल आणि पुढं घोडी असते ना? बक्षीस देणारा बघत नाही, घेणारा बघत नाही, फोटो काढला की झालं. याचा मला खरा राग आहे.

तुकोबांच्या पालखीच्या रथाला आपली जोडी लागावी म्हणून शेतकरी धडपडतात. जोडी निवडताना माणसं दात बघतात, शिंगं बघतात, चाल बघतात, खांदा चाचपतात. तेवढी नाही, पण त्यातली चार आणे नजर शोकेसची गाडी घेताना ठेवली तर काय बिघडेल? दुकानदाराला एवढंच विचारायचं, जू सुटतं का? सुटत नसेल तर खाली ठेवायची.

आमच्या गावच्या सुताराचा बाप बाभळीच्या गाड्या करायचा. पोरगा आता फ्लॅटमधल्या किचन ट्रॉल्या बसवतो. त्याला मी गेल्या वर्षी म्हटलं, मला एक छोटी गाडी करून दे, पण बापासारखी. त्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग दोन रविवार घालवले. तुंबा, आरे, आख, साटी, सगळं सुटं होणारं. धावेच्या जागी पत्र्याची पट्टी ठोकली. पैसे घेताना म्हणाला, “नाना, या भावात दुकानात चार येतात. दुसरं गिऱ्हाईक आणू नका.”

ती गाडी मी काचेत ठेवली नाही, खिडकीत ठेवलीय. नातू रोज बैल सोडतो, रोज जुपतो. दोन शिवळा हरवल्यात, तिथं सध्या खराट्याच्या काड्या आहेत.