अण्णा नाईकांचे भय : ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व आणि दादरचा रसिक

१

भयकथेचा विचार करताना टीकाकार बहुधा भुतापासून आरंभ करतो. ते खरे की भासमान, त्याचे कृत्य कथेच्या तर्कात बसते की नाही, शेवटी त्याचा उलगडा होतो की नाही, हे त्याचे नेहमीचे प्रश्न होत. ते अप्रस्तुत नाहीत. परंतु अपुरे आहेत. भय हे पडद्यावर नसते, पाहणाऱ्याच्या ठिकाणी असते. त्यातही दूरचित्रवाणीवरील मालिका ही एका बैठकीत संपणारी कृती नव्हे. ती महिनोन्‌महिने, रोज ठरलेल्या वेळी, घरातील दिवाणखान्यात घडते आणि दुसऱ्या दिवशी शेजारी, कचेरीत व लोकलच्या डब्यात तिच्याविषयी बोलले जाते. हे बोलणे हाही त्या कृतीच्या ग्रहणाचाच एक भाग होय. म्हणून अशा मालिकेची समीक्षा तिच्या चाहत्याच्या प्रतिक्रियेची समीक्षा केल्यावाचून पुरी होत नाही.

या दृष्टीने ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका विशेष विचारार्ह आहे. राजू सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचे पहिले पर्व झी मराठी वाहिनीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपले. दुसरे पर्व जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० या काळात दाखविले गेले. तिसऱ्याचा आरंभ मार्च २०२१ मध्ये झाला. मालिकेचे नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतलेले आहे. कथेचे स्थळ सावंतवाडीजवळील आकेरी येथील नाईकांचा वाडा हे होय. प्रस्तुत विवेचन मुख्यतः दुसऱ्या पर्वापुरते मर्यादित आहे. पहिल्याचा विचार तुलनेसाठी येईल.

ज्याच्या प्रतिक्रियेचा येथे विचार करावयाचा आहे तो दादरचा रसिक ही कोणी एक व्यक्ती नव्हे. दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, परंतु मूळ घर सिंधुदुर्गात असलेल्या कुटुंबांतील प्रेक्षकाचा तो एक नमुना आहे. गिरणीच्या निमित्ताने मुंबईस आलेल्या चाकरमान्याचा हा नातू. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी गणपतीस व शिमग्यास गावी जाणे सुटले नाही. सावंतवाडीस जाणारी तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री सुटते ती दादरहूनच. म्हणजे साडेदहाचा भाग पाहून उठलेल्या माणसाने त्याच रात्री गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी त्या वाड्याच्या परिसरात उतरावे, इतके कथेचे स्थळ त्याला जवळचे आहे. अनेक भावंडांचे हिस्से असलेले, वर्षातील बराच काळ कुलूपबंद राहणारे, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेले घर त्याने पाहिलेले असते. नाईकांचा वाडा त्याला परका वाटत नाही.

२

पहिल्या पर्वाची कथा अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू होते. विखुरलेले कुटुंब त्या निमित्ताने एकत्र येते. मालमत्तेच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो. अनाकलनीय गोष्टी घडू लागतात. पुढे पोलिस तपासही येतो. येथे प्रेक्षकाची स्थिती तोदोरॉव या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुतविषयक ग्रंथात वर्णिलेल्या दोलायमान अवस्थेसारखी आहे. घडते ते दैवी की मानवी, याचा निर्णय जोवर होत नाही तोवरच ही अवस्था टिकते. रसिकाच्या बोलण्यात या काळात वारंवार येणारे प्रश्नार्थक सर्वनाम ‘कोण’ हे होते. हे करते कोण? घरातले की बाहेरचे? जिवंत की मेलेले?

दुसरे पर्व हे पहिल्याची पूर्वकथा आहे. माधव अभ्यंकर यांनी रंगविलेले अण्णा येथे जिवंत, धडधाकट व सर्वसत्ताधीश आहेत. ते मरणार हे प्रेक्षकाला पहिल्या भागापूर्वीच ठाऊक आहे. त्यामुळे ‘कोण’ हा प्रश्न उरत नाही. त्याची जागा ‘कसे’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न घेतात. वरवर पाहता हा भयनाट्याचा तोटा आहे. रहस्य ज्ञात झाल्यावर भय कशाचे? तथापि रसिकांचा प्रतिसाद याच्या नेमका उलट दिसून आला. अण्णा, माई, शेवंता, वच्छी ही नावे घरोघरी झाली ती दुसऱ्या पर्वात. याची उपपत्ती लावणे हे समीक्षेचे काम आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, पिशाच्चदर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य यांच्याबरोबरच स्वजनांचा वध अथवा बंधन पाहणे किंवा त्याविषयी ऐकणे यांचाही समावेश आहे. हा शेवटचा विभाव सहसा दुर्लक्षिला जातो. पहिल्या पर्वाचे भय प्रायः आरंभीच्या विभावांवर उभे आहे : रात्र, झाडी, वाडा, आवाज. दुसऱ्याचे भय मुख्यतः शेवटच्या विभावावर उभे आहे. येथे घरातील माणसांना घरच्या कर्त्या पुरुषाचे भय वाटते. अण्णांच्या हातून खून होतात, बायका नासवल्या जातात, गडीमाणसे तुडविली जातात आणि या सर्वांवर वाड्याची भिंत पांघरूण घालते. मेलेले परत येतात ते यानंतर. भूत हे या पर्वात कारण नसून परिणाम आहे. ज्या अपराधाची दाद गावात लागली नाही त्याची ती वसुली आहे. भय हा स्त्रियांचा व हीन प्रकृतीच्या पात्रांचा भाव होय, असे भरत मानतो. या मालिकेने तो क्रम उलटविला आहे. माई आरंभापासून भितात, परंतु त्या जिवंत नवऱ्याला भितात. मेलेल्यांना भिण्याची पाळी शेवटी अण्णांवर येते. रसिक ज्याची वाट पाहत होता तो ‘केव्हा’ हाच.

३

आता भाषेकडे वळले पाहिजे. कारण या मालिकेची खरी कामगिरी व खरी अडचण दोन्ही भाषेत आहेत.

मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी बोली प्रतिष्ठित झाली ती हास्याच्या द्वारे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने ते गाजले. त्यानंतर दीर्घकाळ दादर-परळच्या प्रेक्षकाला मालवणी उच्चार कानी पडताच हसावयाचे असते, असे जणू वळणच पडले. घरात आजी ज्या बोलीत रडली, भांडली, देवापुढे गाऱ्हाणे घातले, तीच बोली नाट्यगृहात केवळ विनोदाची झाली. ‘रात्रीस खेळ चाले’ने या बोलीला भय, संताप व शोक यांचे वाहन केले. संवादलेखन करणारे व पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर यांचे श्रेय येथे मान्य केले पाहिजे. पांडूच्या तोंडचे ‘इसारलंय’ हे क्रियापद मालवणी न येणाऱ्यांच्याही ओठी रुळले. ‘विसरणे’, ‘विचारणे’ यांतील आरंभीचा ‘व’ ‘इ’पूर्वी गळतो, हा ध्वनिनियम प्रेक्षकांनी कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून आत्मसात केला.

परंतु पहिल्या पर्वात बोलीची वाटणी संशयास्पद होती. माधव व नीलिमा हे मुंबईकर जोडपे प्रमाण मराठी बोलते. वाड्यातील माणसे मालवणी बोलतात. शंका प्रमाण भाषेत आणि श्रद्धा बोलीत, अशी ही विभागणी झाली. मालिका सुरू होताच कोकण अंधश्रद्ध म्हणून रंगविले जात आहे, असा आक्षेप सिंधुदुर्गातून घेतला गेला. त्याचे समर्थन कथेतील भुतांपेक्षा या भाषिक विभागणीत अधिक सापडते. देवाला कौल लावणे, राखणदाराला मान देणे, गाऱ्हाणे घालणे हे गावाच्या सामाजिक व्यवहाराचे भाग आहेत. त्यांना केवळ थरकापाचे साहित्य केले म्हणजे ते सांगणारी बोलीही थरकापाची होते. चाळीतील रसिकाला हे बोचले असल्यास नवल नाही. कारण त्याच्या आजीची भाषा हास्यातून सुटली ती भुताटकीत अडकली.

दुसऱ्या पर्वात ही विभागणी बरीचशी मोडते, आणि हीच त्याची मोठी सुधारणा होय. येथे जुलूम करणारा मालवणी बोलतो आणि जुलूम सोसणाराही मालवणीच बोलतो. संजीवनी पाटील यांच्या वच्छीचे शिव्याशाप हे या बोलीतील सामर्थ्याचे उदाहरण आहे. ज्या बाईपाशी जमीन नाही, पुरुष नाही, कोर्ट नाही, तिच्यापाशी शाप आहे. ती त्याची कमाई मोठ्या आवाजात, उघड्या अंगणात, सर्वांना ऐकू जाईल अशी खर्च करते. तिला हसणे रसिकाला साधत नाही, आणि तिला अडाणी म्हणून सोडून देणेही साधत नाही. कारण तिचे म्हणणे खरे आहे हे त्याने स्वतः पाहिलेले असते.

४

रसिकाच्या प्रतिक्रियेतील सर्वांत सूचक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात न येणारी आहे. ती व्याकरणात दडलेली आहे. मालिकेविषयी बोलताना तो ‘अण्णा आले’, ‘अण्णांनी मारले’, ‘अण्णा मेले’ असे म्हणतो. परंतु ‘शेवंता आली’, ‘वच्छी ओरडली’, ‘शेवंता मेली’. मालवणीत बोलला तरी भेद तोच : ‘अण्णा इले’, ‘शेवंता इली’. खुनी माणसाला आदरार्थी बहुवचन आणि त्याच्या वासनेच्या व सत्तेच्या कक्षेत सापडलेल्या स्त्रीला एकवचन. नैतिक निर्णय म्हणून विचारले असता हाच रसिक अण्णांना निःसंशय दुष्ट ठरवील. मग हे बहुवचन कोठून येते?

याचे एक उत्तर नात्याच्या नावांत आहे. ‘अण्णा’ आणि ‘माई’ ही कुटुंबातील संबोधने आहेत. त्यांच्यामागून क्रियापदाचे बहुवचन आपोआप येते. शेवंता व वच्छी यांना वाड्यात नाते नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला नुसते नाव येते. प्रेक्षक ज्या क्षणी पात्रांना त्यांच्या नावाने संबोधतो त्या क्षणी तो नाईकांच्या ओटीवर, घरच्या माणसांच्या बाजूस बसलेला असतो. अंगणात उभी असलेली वच्छी त्याला बाहेरचीच राहते. अण्णा आपलेच वडीलधारे, हे मान्य केल्याखेरीज त्यांच्याविषयी बोलताच येत नाही, अशी ही भाषिक कोंडी आहे. ज्या घरात वडिलांच्या रागाला सर्व घाबरत आणि तरीही त्यांच्याविषयी एकवचन उच्चारणे पाप मानले जाई, ते घर मुंबईच्या रसिकाला अपरिचित नाही. त्याला भय वाटते ते या ओळखीमुळे.

‘अण्णा इले’ हे दोन शब्दांचे वाक्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी माणूस घरी परतला असता ते म्हटले जाईल. मेलेला दिसला असताही तेच म्हटले जाईल. जिवंत व मृत यांचा भेद या रूपात नाही. पहिल्या पर्वात हे वाक्य भुताविषयी संभवते, दुसऱ्यात नवऱ्याविषयी. आणि दोन्ही वेळा घरातील बायकांचा आवाज खाली येतो. दोन पर्वे सलग पाहणाऱ्या रसिकाला जे कळते ते हे, की वाडा अण्णा मेल्यावर झपाटलेला झाला असे नव्हे. ते जिवंत असतानाच तो झपाटलेला होता.

५

येथवर केलेल्या विवेचनाने दुसरे पर्व निर्दोष ठरते असे नाही. त्याचा सर्वांत मोठा दोष त्याच्या लोकप्रियतेशी निगडित आहे. अपूर्वा नेमळेकर यांनी उभी केलेली शेवंता इतकी आकर्षक ठरली की तिचे व अण्णांचे प्रसंग लांबत गेले आणि त्यांना शृंगाराचा रंग चढला. पाटणकरांसारख्या दुबळ्या नवऱ्याची शोकांतिका त्यात झाकोळली गेली. ज्या माणसाचा धाक वाटावयाचा त्याच्याविषयी कौतुक वाटू लागले. अण्णांची नक्कल करणे ही करमणूक झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले व ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर आणखी लांबले. उत्तर आले तेव्हा चाहत्याची इच्छा बदललेली होती. त्याला अण्णांचा निकाल लागावयास हवा होता, आणि अण्णा संपावयास नको होते. तिसऱ्या पर्वात तो ‘परत कधी’ असे विचारू लागला. वाहिनीने ती इच्छा पुरविली. ज्या भुताची वाट पाहिली जाते ते भूत भय देऊ शकत नाही. ते घरचे पाहुणे होते.

मालिकेच्या चाहत्याला अंधश्रद्ध ठरवून किंवा त्याच्या आवडीला सवंग म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु दादरच्या रसिकाने या पर्वात काहीतरी ओळखले होते. वाड्याचे कुलूप, हिश्शांचे कागद, न बोललेल्या बायका आणि आदरार्थी बहुवचनात झाकलेला अपराध, हे सर्व त्याच्या ओळखीचे होते. त्याने ते बोलून दाखविले नाही, एवढेच. वच्छीसाठी ‘त्या’ हे सर्वनाम त्याच्या तोंडी आले असते, तर मालिकेने त्याला जे दाखविले ते पुरतेपणी पोचले असे म्हणता आले असते. ते आले नाही. हे न्यून मालिकेचे किती आणि ज्या भाषाव्यवहारात मालिका व प्रेक्षक दोघेही वाढले त्याचे किती, हा प्रश्न मराठीतील आदरार्थी रूपांच्या अभ्यासकाने उचलण्याजोगा आहे. भयनाट्याचे टीकाकार आणि बोलींचे अभ्यासक यांची कामे सहसा निरनिराळी मानली जातात. प्रस्तुत उदाहरणावरून ती तशी मानण्याचे कारण नाही, एवढे तरी स्पष्ट होते.