टक्क्यातली माणसे आणि यादीबाहेरची माणसे

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत दोन वाक्ये हमखास छापून येतात. पहिले, मतदानाचा टक्का वाढला किंवा घसरला. दुसरे, मुस्लिमांची एकगठ्ठा मते अमुक पक्षाच्या पारड्यात पडली. ही वाक्ये आपण इतकी वर्षे वाचत आलो आहोत की ती तपासून पाहावीत असे आपल्यातल्या लिहित्या मंडळींनाही फारसे वाटत नाही. कथा-कवितांतून आपण मोहल्ला रंगवला, पण मोहल्ल्यातल्या मतदाराचा अभ्यास मात्र क्वचितच केला. म्हणूनच राज्यशास्त्रज्ञ योगेंद्र यादव यांच्या मतदानविषयक संशोधनाची चर्चा या पानांवर व्हावी, असे आम्हांला वाटते.

या संशोधनामागे दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ या संस्थेची परंपरा आहे. रजनी कोठारी यांनी १९६३ साली ही संस्था स्थापन केली आणि १९६७ पासून तिने मतदारांच्या देशव्यापी पाहण्या सुरू केल्या. मध्यंतरी त्यात खंड पडला. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेनऊ हजारांहून अधिक मतदारांच्या मुलाखती घेऊन ते काम पुन्हा उभे केले. पुढे ‘लोकनीती’ या नावाने ते चालू राहिले आणि त्यात पुण्याच्या सुहास पळशीकरांचाही मोठा वाटा आहे. २००० साली ‘ट्रान्सफॉर्मिंग इंडिया’ या ग्रंथात यादव यांचा ‘दुसऱ्या लोकशाही उठावा’वरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात त्यांनी आपल्या ओळखीचा ‘बहुजन’ हा शब्द आवर्जून ठेवला आहे.

निबंधाचा गाभा साधा आहे. १९८४ साली लोकसभेला सुमारे ६४ टक्के मतदान झाले होते. १९९६ साली ते ५८ टक्क्यांवर आले, १९९८ साली ६२ आणि १९९९ साली ६० टक्के झाले. म्हणजे टक्का काही वाढला नाही. मग उठाव कसला? यादव सांगतात, टक्का तोच राहिला, पण टक्क्यातली माणसे बदलली. दलित, मागासवर्गीय, गरीब आणि खेड्यातले लोक रांगेत वाढले, तर शहरी सुखवस्तू वर्ग मागे पडला. अमेरिकेत शिक्षण वाढते तसे मतदान वाढते, हे वुल्फिंगर आणि रोझेनस्टोन यांनी १९८० साली दाखवले होते. आपल्याकडे गंगा उलटी वाहत होती. ज्याच्यापाशी दुसरे काही नाही, तो मताला जपत होता. टक्का किती, हा प्रश्न बाजूला सारून टक्क्यात कोण, हा प्रश्न विचारायला यादव यांनी शिकवले. त्यांचे हे ऋण मोठे आहे.

आपल्या दृष्टीने याच पाहण्यांचे आणखी एक मोल आहे. मुसलमान इतरांपेक्षा फार जास्त मतदान करतात आणि फतवा निघाला की एका चिन्हावर शिक्के मारतात, या समजाला त्यांत आधार सापडला नाही. मुस्लिमांचे मतदान साधारण सरासरीच्या आसपास, कधी त्याहून कमी आढळले. मतेही राज्य बदलले की बदलतात आणि समोरचा पर्याय बदलला की बदलतात. ताजे उदाहरण मालेगावचे आहे. २०२४ च्या मे महिन्यात धुळे लोकसभा मतदारसंघात मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना प्रचंड आघाडी दिली, तेव्हा काही नेत्यांनी त्याला ‘व्होट जिहाद’ म्हटले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्याच मालेगावात दोन मुस्लिम उमेदवारांत अशी चुरस झाली की निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. सहा महिन्यांत गठ्ठा कुठे गेला, हे गठ्ठ्याची भाषा बोलणाऱ्यांनी सांगावे.

इथवर आम्ही यादव यांच्याबरोबर आहोत. मतभेद पुढे सुरू होतात.

त्यांच्या तक्त्यांत हिंदू समाज उच्च जाती, मागासवर्ग, दलित असा उलगडून मांडलेला असतो. मुसलमान मात्र बहुधा एकाच ओळीत उरकलेले असतात. बागवान, मोमीन, कुरेशी, तांबोळी, पिंजारी, शिकलगार आणि जमीनजुमला बाळगून असलेले खानदानी घर, सगळे एका आकड्यात कोंबलेले. ज्या १९९० च्या दशकाला यादव उठावाचे दशक म्हणतात, त्याच दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळ उभी राहिली. बहुजनांचा उठाव आपल्या आतही होत होता, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. एकगठ्ठा मतांचा समज मोडणाऱ्या संशोधनाने मुसलमानांना एकगठ्ठा मोजावे, ही या अभ्यासातली मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव त्याहून खोल आहे. या पाहण्यांतले मतदार निवडले जातात ते मतदारयादीतून. ज्याचे नावच यादीत नाही, त्याच्या दारी पाहणी करणारा पोचत नाही. निवडणूक आयोगाचा टक्काही नोंदलेल्या मतदारांवरच काढला जातो. भाड्याच्या खोल्या बदलणारा भिवंडीचा कामगार, लग्नानंतर गाव आणि आडनाव बदललेली बाई, शेख-सय्यद-पठाण या नावांच्या तऱ्हेतऱ्हेच्या स्पेलिंगांत हरवलेला मतदार, ही माणसे मतदान न करणाऱ्यांतही मोजली जात नाहीत. यादीत धर्म लिहिलेला नसतो, त्यामुळे कोणाची किती नावे गळली हे सांगणेही सोपे नाही.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयादीची विशेष सखोल पुनर्तपासणी झाली. ७.८९ कोटींची यादी १ ऑगस्टच्या मसुद्यात ७.२४ कोटींवर आली आणि अंतिम यादी ७.४२ कोटींची झाली. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६७ टक्के विक्रमी मतदान झाल्याची बातमी आली. मते खरोखर वाढली होती, हे मान्यच केले पाहिजे. पण भागाकारात खालचा आकडा घटला की टक्का आपोआप वाढतो, हे शाळेतले पोरही सांगेल. त्या टक्क्याकडे पाहून लोकशाही किती बळकट झाली हे ठरवता येत नाही. यादीतून वगळलेल्यांत मृत किती, स्थलांतरित किती आणि हयात पण कागद नसलेले किती, हे आधी विचारावे लागते.

याच पुनर्तपासणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत यादव स्वतः होते. १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी मसुदा यादीत मृत ठरवलेल्या दोन जिवंत व्यक्तींना न्यायालयासमोर उभे केले. संशोधक म्हणून ज्या यादीवर विसंबून त्यांनी पाहण्या केल्या, त्याच यादीवर नागरिक म्हणून त्यांना प्रश्न उभा करावा लागला. टक्क्यात कोण, या त्यांच्या प्रश्नाचा पुढचा टप्पा यादीत कोण, हाच आहे.

हे काम दिल्लीवर सोपवून चालणार नाही. आपल्यात आता पदव्युत्तर शिकलेली मुले-मुली आहेत, राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्यांनी एकेका प्रभागाची मतदारयादी हाती घेऊन घरोघर जावे. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, कोण मत देतो आणि का देतो, हे बिरादरीनिहाय, स्त्री-पुरुषनिहाय मराठीत लिहावे. आपल्याबद्दल इतरांनी केलेल्या विधानांवर रागावणे सोपे असते. त्यांना उत्तर देण्यासाठी लागणारा आकडा मात्र आपल्यालाच गोळा करावा लागेल.