स्तनपुनर्रचनेनंतरचे कामजीवन : एका मापनपद्धतीची चिकित्सा

कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रीच्या देहावर शल्यचिकित्सक नवा स्तन घडवितो. परंतु त्यानंतर तिचे कामजीवन कितपत समाधानाचे असते, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला. तो पद्धतशीरपणे विचारणारे आजचे बहुप्रचलित साधन म्हणजे अँड्रिया पुसिक, ॲन क्लासेन प्रभृती संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली होय. शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निर्णय चिकित्सकाच्या डोळ्यांवर न सोपविता तिने रुग्णेच्या मताला प्रमाण मानले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तिच्यातील लैंगिक स्वास्थ्याची मापिका शून्य ते शंभर असे गुण देते. ह्या गुणांच्या आधारे निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांची तुलना करण्याचा मोह अभ्यासकांस होतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप ह्या तुलनेस आहे.

मापिका काय विचारते, हे प्रथम पाहिले पाहिजे. वस्त्रांत व विवस्त्रावस्थेत आपण आकर्षक वाटतो काय, समागमाच्या वेळी मन मोकळे असते काय, लैंगिक बाबतीत आत्मविश्वास वाटतो काय, अशा आशयाचे हे प्रश्न आहेत. त्यांतील बराच भार दिसण्यावर आहे. वस्तुतः स्तन काढताना मज्जातंतू तुटतात. पोटाच्या मांसमेदापासून अथवा सिलिकोनपासून घडविलेल्या स्तनात पूर्वीची स्पर्शसंवेदना बहुधा पूर्णपणे परतत नाही. म्हणजे आकार परत मिळतो, सुख मिळतेच असे नाही. ही उणीव ध्यानी आल्यावर त्याच संशोधकवर्गाने संवेदनेविषयी स्वतंत्र मापिका जोडल्या, हे नमूद केलेच पाहिजे. तथापि त्यामुळे मूळ मापिकेचा रोख बदलत नाही.

दुसरा प्रश्न भाषांतराचा. प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेऊन पुन्हा मूळ भाषेत उलटून पाहण्याची रीत रूढ आहे. तीमुळे अर्थाची चूक सापडते. औचित्याची सापडत नाही. ‘आपण लैंगिकदृष्ट्या आकर्षक आहोत असे वाटते काय?’ हे मराठी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ते कोणत्या मराठी स्त्रीच्या तोंडचे आहे? हीच गोष्ट सांगायची झाल्यास ‘आमचे पूर्वीसारखे राहिले नाही’ एवढेच ती बोलेल, आणि तेही ऐकणारी स्त्री असेल तर. विधवेने किंवा अविवाहितेने ह्या प्रश्नास काय उत्तर द्यावे? ती रकाना कोरा सोडते, आणि कोरा रकाना सरासरीत मोजला जात नाही. जिची व्यथा सर्वांत अबोल, तीच गणितातून प्रथम वगळली जाते.

तिसरा मुद्दा निवडीचा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यान्वये, स्तनोच्छेदनाचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो. जेथे असे संरक्षण नाही, तेथे ही शस्त्रक्रिया मुख्यतः ऐपत असलेल्यांच्या वाट्यास येते. तेव्हा दोन देशांच्या गुणांतील अंतर संस्कृतीचे की पैशाचे, हे ठरविल्यावाचून त्यास ‘सांस्कृतिक भेद’ म्हणणे घाईचे होईल.

शिवाय संस्कृतीच्या सीमा राष्ट्राच्या सीमांशी जुळतातच असे नाही. अमेरिकन कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड ह्यांचा स्तन १९७८ साली काढण्यात आला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ ह्या ग्रंथात त्यांनी कृत्रिम स्तन नाकारण्याची आपली भूमिका मांडली आहे. त्यांना देऊ केलेला कृत्रिम स्तन गोऱ्या कातडीच्या रंगाचा होता. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या ह्या स्त्रीला, पुरुषाच्या नजरेस पूर्ववत दिसाल, हे आश्वासन निरर्थक वाटले. मापिकेच्या जन्मभूमीतच तिची गृहीतके सर्वांना लागू पडत नाहीत, ह्याचा याहून बोलका पुरावा कोणता?

ह्यावरून मापन टाकून द्यावे, असे सुचवावयाचे नाही. मापनच नसेल तर व्यथा मुळी नोंदलीच जाणार नाही, आणि जी नोंदली जात नाही तिच्यावर उपचारही होत नाहीत. मागणी एवढीच की, आकड्यांची तुलना करण्यापूर्वी त्या त्या भाषेतील स्त्रियांशी सावकाश बोलून ‘सुख’ ह्या शब्दाने त्या काय समजतात, हे जाणून घ्यावे. तसेच कोऱ्या रकान्यांची संख्या सरासरीइतक्याच ठळकपणे छापावी. मौन हेही उत्तरच आहे; ते वाचण्याची विद्या साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित नसावी.