जाहिरात फसली तरी पाळत उरतेच

शोशाना झुबॉफ यांचे 'द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम' हे पुस्तक २०१९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. इंटरनेट, जाहिराती आणि खाजगीपणा यांच्या चर्चेत तेव्हापासून या पुस्तकाचा उल्लेख वारंवार येतो. ते सातशे पानांच्या घरात जाते, भाषा जड आहे, पुनरुक्तीही बरीच आहे. तरीही विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. मात्र एखादा वैज्ञानिक दावा आपण जसा तपासतो, तसेच पुरावा आणि निष्कर्ष यांच्यातले अंतर मोजत वाचावे.

पुस्तकात दोन दावे एकमेकांत गुंफलेले आहेत. पहिला असा की, मोठ्या कंपन्या आपल्या वागण्याच्या नोंदी आपल्याला नीट न विचारता गोळा करतात आणि त्यांवर धंदा उभारतात. दुसरा असा की, या नोंदींच्या जोरावर त्या आपले वागणे हवे तसे वळवू शकतात. पहिला दावा भक्कम आहे. दुसरा त्या मानाने कच्चा आहे. लेखिका मात्र दोन्ही एकाच ठामपणे मांडतात.

पहिल्या दाव्यासाठी त्यांनी दिलेली २००२ सालची एक हकिगत वर्गात सांगण्याजोगी आहे. गूगलच्या कर्मचाऱ्यांना एके दिवशी दिसले की, एका जुन्या अमेरिकन मालिकेतील कॅरोल ब्रेडी या पात्राचे माहेरचे आडनाव लोक अचानक मोठ्या संख्येने शोधत आहेत. आलेखात पाच उंचवटे होते आणि प्रत्येक उंचवटा तासाच्या ४८ व्या मिनिटाला सुरू होत होता. कारण साधे होते. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत तो प्रश्न विचारला गेला होता, आणि अमेरिकेच्या निरनिराळ्या कालविभागांत तो कार्यक्रम निरनिराळ्या वेळी दिसला होता. कुणालाही काही न विचारता, नुसत्या नोंदींवरून, असंख्य घरांत त्या मिनिटाला काय चालले होते ते कळले.

अशा नोंदींचा उपयोग आधी शोध सुधारण्यासाठी होत असे. शब्दाचे स्पेलिंग चुकले तर बरोबर शब्द सुचवणे हे त्याचे साधे उदाहरण. पण सेवा सुधारायला लागते त्याहून कितीतरी जास्त माहिती हाती येत होती. याच सुमारास ही जादा माहिती जाहिरातींसाठी वापरली जाऊ लागली. झुबॉफ तिला 'वर्तनाचे वरकड' म्हणतात. अर्थशास्त्रातील वरकड मूल्याची आठवण करून देणारी ही संज्ञा नेमकी आहे. आपण शोधतो एक शब्द, आणि त्याबरोबर वेळ, ठिकाण, आधीचे शोध आणि नंतरची टिचकी एवढे सगळे मागे ठेवतो.

हे तांत्रिकदृष्ट्या कसे घडते हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. ब्राउझरमधली 'कुकी' १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तयार केली. ही एक छोटी चिठ्ठी असते. संकेतस्थळ ती आपल्या यंत्रावर ठेवते आणि पुढच्या भेटीत वाचते. तिच्यामुळेच दुकानातली टोपली पान बदलल्यावर रिकामी होत नाही. पण एक पान बहुधा एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, तर जाहिरातीचे चित्र दुसऱ्या. चित्र पाठवणाराही आपली चिठ्ठी ठेवू शकतो. त्याची चित्रे हजार संकेतस्थळांवर असतील, तर त्या हजार ठिकाणी तो तीच चिठ्ठी वाचून आपला माग काढू शकतो. दुकानदाराला आपण दिसतो हे ठीकच. पण भिंतीवर फलक लावणारा आपल्यामागून गावभर हिंडतो, हे ग्राहकाच्या ध्यानीमनीही नसते.

आता दुसऱ्या दाव्याकडे वळू. वागणे वळवण्याच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून फेसबुकचे दोन प्रयोग पुस्तकात येतात. पहिल्यात जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ जणांना दिसणाऱ्या मजकुरात, त्यांना न सांगता, फेरफार केला गेला. आनंदी मजकूर कमी केल्यावर लोकांच्या स्वतःच्या लेखनातील आनंदी शब्द घटले, पण ०.१ टक्क्याने, म्हणजे हजारात एक. परिणाम खरा आहे, पण तो मनाचा ताबा नव्हे. दुसरा प्रयोग २०१० च्या अमेरिकन निवडणुकीतला, सुमारे ६ कोटी १० लाख लोकांवरचा. मित्रांनी मतदान केल्याचे दाखवणाऱ्या संदेशामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मते वाढली असा संशोधकांचा अंदाज आहे. हे प्रमाण शेकडा अर्ध्याच्या आसपास पडते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एका माणसाला हवे तसे वागायला लावणे ही एक गोष्ट, आणि मोठ्या समूहाची सरासरी किंचित हलवणे ही दुसरी. अटीतटीच्या निवडणुकीत अर्धा टक्काही निर्णायक ठरू शकतो, म्हणून तो क्षुल्लक मानू नये. पण त्यावरून व्यक्तीची इच्छाशक्तीच काढून घेतली गेली असा निष्कर्ष निघत नाही. झुबॉफ एका गोष्टीवरून दुसरीवर सहज उडी घेतात.

उलट बाजूचा पुरावाही लक्षात घ्यायला हवा. ईबे या कंपनीने आपल्याच नावाच्या शोधावर दिसणाऱ्या जाहिराती काही काळ बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरून येणाऱ्या ग्राहकांपैकी ९९.५ टक्के ग्राहक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की, जे येणारच होते त्यांना बोलावण्यासाठी पैसे दिले जात होते. जाहिरात आणि खरेदी एकापाठोपाठ घडली म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मग जाहिराती एवढ्या प्रभावी नसतील, तर चिंता कशाची? पुस्तकाची मांडणी या प्रश्नापुढे अडखळते. धोका सगळा वागणे वळवण्यात आहे असे म्हटले, की तो परिणाम लहान निघताच खाजगीपणाचा मुद्दाही लहान वाटू लागतो. शिवाय आपल्याला ग्राहकाचे मन कळते, ही तर जाहिरात कंपन्यांचीच फुशारकी आहे. टीकाकारांनी ती खरी मानून पसरवली, तर त्यांचाच माल खपतो. मला वाटते, अन्याय नोंद घेण्यातच आहे. कुणी आपली रोजनिशी चोरून वाचली आणि त्याला तिच्यातले काही कळले नाही, म्हणून चोरी माफ होत नाही. नोंद एकदा झाली की ती विकली जाते, फुटते, वर्षांनंतर भलत्याच कामासाठी वापरली जाते.

'नाव काढून टाकले आहे' हा दिलासाही तपासून पाहावा. लटान्या स्वीनी यांनी २००० साली अंदाज मांडला की, टपाल विभागाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ८७ टक्के अमेरिकन लोक एकमेवपणे ओळखता येतील. २००६ मधील दुसऱ्या एका मोजणीत हा आकडा ६३ टक्के आला. दोन्ही आकडे अस्वस्थ करणारेच आहेत. आपल्याकडचे गणित मुलांना करायला द्यावे. ३६५ दिवस, सुमारे ८० वर्षे आणि २ लिंगे यांचा गुणाकार ५८,४०० होतो. हे झाले खण. देशात सुमारे १९,००० पिनकोड आणि सुमारे १४० कोटी लोक धरले, तर एका पिनकोडमध्ये सरासरी ७४ हजारांच्या आसपास लोक येतात. म्हणजे एका खणात सरासरी सव्वा माणूस! प्रत्यक्षात वाटणी अशी समान नसते. पण त्यात मोबाइलचा नमुना किंवा शाळेचे नाव एवढी एकच गोष्ट मिळवली, तर बहुतेक खणांत एकटाच माणूस उरेल. नाव खोडल्याने ओळख पुसली जात नाही.

पुस्तकाचा भर अमेरिकन कंपन्यांवर आहे, आणि आपल्या वाचकांना तिथे ते अपुरे वाटेल. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तो आधारच्या प्रकरणातून, म्हणजे सरकारविरुद्धच्या दाव्यातून. शाळेतही सरकार आणि कंपनी अशी सरळ विभागणी होत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये, करोनाकाळात ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासल्याचा अहवाल दिला. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ साधनांच्या माहिती हाताळण्याच्या पद्धती मुलांच्या हक्कांना धोका पोहोचवणाऱ्या होत्या. आपल्या 'दीक्षा' ॲपचाही त्यात समावेश होता. मूल शिकायला आले होते. त्याला किंवा पालकांना नकार देण्याची सोय नव्हती, कारण नकार म्हणजे शाळा बुडवणे.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना उद्देशून नेमक्या जाहिराती करण्यास मनाई केली आहे. पालकांची पडताळता येणारी संमतीही आवश्यक ठरवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण याच नियमांत शिक्षणसंस्थांना, शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी, माग ठेवण्याच्या बाबतीत सवलत आहे. म्हणजे कायदा जिथे थांबतो तिथून पुढचा निर्णय मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो. एखादे ॲप वर्गाला सुचवण्यापूर्वी ते कोणती माहिती घेते, ती कामासाठी लागते का, आणि नको म्हणणाऱ्या मुलाला दुसरी वाट आहे का, हे तीन प्रश्न आपण लेखी विचारले पाहिजेत. उत्तर मिळाले नाही, तर ते ॲप सुचवू नये.