डोरोथी रॉबर्ट्स यांच्या ग्रंथांतील वंश, तुरुंग आणि कुटुंब : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
अमेरिकेतील वंशभेदाच्या अभ्यासात तुरुंग आणि कुटुंब हे विषय बहुधा वेगवेगळे हाताळले जातात. तुरुंग हा गुन्हेशास्त्राचा, तर कुटुंब हा समाजकार्याचा विषय मानला जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापिका डोरोथी रॉबर्ट्स यांना ही विभागणी मान्य नाही. 'किलिंग द ब्लॅक बॉडी' (१९९७), 'शॅटर्ड बाँड्स' (२००२) आणि 'टॉर्न अपार्ट' (२०२२) या त्यांच्या तीन ग्रंथांच्या आधारे त्यांची भूमिका व तिच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मातृत्वावरील नियंत्रण :
पहिल्या ग्रंथात रॉबर्ट्स गुलामगिरीच्या काळापर्यंत मागे जातात. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरू लागला. परिणामी गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाची मालमत्ता झाले. हे नियंत्रण गुलामगिरीबरोबर संपले नाही. १९८९ पासून साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गर्भवती स्त्रियांची कोकेनसाठी तपासणी होऊन तिचे निष्कर्ष पोलिसांकडे जात असत. अटक झालेल्या स्त्रिया जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होत्या. संमतीविना केलेली अशी तपासणी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाविरोधी ठरवली. उपचारासाठी आलेली माता आरोपी ठरते, हे सूत्र पुढील ग्रंथांत अधिक विस्तार पावते.

तुरुंग आणि बालकल्याण :
पालकांपासून काढून घेतलेल्या मुलांना परक्या कुटुंबात किंवा संस्थेत ठेवण्याच्या व्यवस्थेस अमेरिकेत 'फॉस्टर केअर' म्हणतात. इ.स. २००० च्या सुमारास या व्यवस्थेतील सुमारे ४० टक्के मुले कृष्णवर्णीय होती. एकूण बालसंख्येत मात्र त्यांचे प्रमाण एक-पंचमांशाहून कमी होते. बहुसंख्य प्रकरणांत कारण मारहाणीचे नसून 'दुर्लक्षा'चे असते, आणि दुर्लक्ष म्हणून नोंदले जाणारे वर्तन अनेकदा दारिद्र्याचाच परिणाम असते, याकडे रॉबर्ट्स लक्ष वेधतात.

तुरुंगाशी या व्यवस्थेचा सांधा १९९७ च्या दत्तकविषयक केंद्रीय कायद्यात स्पष्ट दिसतो. मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिल्यास पालकत्व रद्द करण्यासाठी राज्याने न्यायालयात जावे, असे हा कायदा सांगतो. मूल नातेवाइकांकडे असल्यास किंवा अन्य सबळ कारण असल्यास अपवाद करता येतो. तथापि, दोन वर्षांची शिक्षा झालेल्या आईला शिक्षा संपण्यापूर्वीच मूल कायमचे गमावण्याचा धोका असतो. न्यायालयाने दिलेली शिक्षा मुदतीची असते. मातृत्वाला झालेली शिक्षा मात्र आजन्म ठरते. रॉबर्ट्स यांच्या विवेचनाचे हे सर्वांत प्रभावी स्थळ होय.

भूमिकेतील बदल व मर्यादा :
'शॅटर्ड बाँड्स'नंतर दोन दशकांनी 'टॉर्न अपार्ट'मध्ये रॉबर्ट्स सुधारणेची अपेक्षा सोडून या व्यवस्थेच्या निर्मूलनाची मागणी करतात. शिक्षक व डॉक्टर यांच्यावर संशयित प्रकरणे कळवण्याचे कायदेशीर बंधन असल्याने मदतीचा हातच पाळतीचा हात होतो आणि गरजू माता मदतीपासून दूर राहतात, हा त्यांचा युक्तिवाद दखल घेण्याजोगा आहे.

तरीही दोन प्रश्न उरतात. पहिला प्रश्न आकड्यांचा आहे. २०२१ पर्यंत फॉस्टर केअरमधील कृष्णवर्णीय मुलांचा वाटा सुमारे २२ टक्क्यांपर्यंत उतरला. लोकसंख्येच्या मानाने तो अजूनही अधिक असला, तरी सुधारणा निष्फळच ठरतात या निष्कर्षाची त्यामुळे फेरतपासणी आवश्यक ठरते. दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. एलिझाबेथ बार्थोलेट यांनी 'नोबडीज चिल्ड्रन' (१९९९) या ग्रंथात राज्य मुलांना हिंसक घरांत फार काळ राहू देते, असा उलट आक्षेप घेतला. दारिद्र्यनिवारणाने दुर्लक्षाची प्रकरणे घटतील हे मान्य केले, तरी घरातच जिवाला धोका असलेल्या मुलाने आज रात्री कोठे जावे, या प्रश्नाला निर्मूलनाचा दूरचा आदर्श पुरेसे उत्तर देत नाही.

समारोप :
या मर्यादांमुळे रॉबर्ट्स यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. 'कल्याण' आणि 'शिक्षा' या दोन शब्दांमधील अंतर दारिद्र्यात व वंशभेदात किती अल्प उरते, हे त्यांनी साधार दाखवले. मुलाचे रक्षण आणि आईचा हक्क यांना परस्परांचे शत्रू न मानणारी व्यवस्था उभारणे, हे त्यांच्या ग्रंथांनी मागे ठेवलेले अपुरे कार्य होय.