नोहाचे तारू आणि ५२२ वाघिणी

बायबलातील नोहाच्या तारवात किती जनावरे मावतील, याचा हिशेब मालगाडीच्या वाघिणींत मांडणारा ग्रंथ हाती पडला, तर बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावी राहणाऱ्याने तो वाचल्यावाचून कसा सोडावा? ‘द जेनेसिस फ्लड’ हे त्याचे नाव. १९६१ साली तो अमेरिकेत निघाला. लेखक दोघे. जॉन व्हिटकॉम्ब धर्मशास्त्राचा अध्यापक आणि हेन्री मॉरिस इंजिनिअर. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. कोश शेजारी ठेवून पाचशेवर पाने वाचली आणि, खरे सांगतो, कंटाळा आला नाही.

मॉरिस हा काही ऐरागैरा माणूस नव्हे. १९१८ साली टेक्सासात जन्म, १९५० साली मिनेसोटा विद्यापीठाची डॉक्टरेट, पुढे व्हर्जिनियात स्थापत्य विभागाचा प्रमुख. विषय पाण्याचा. त्याचे जलप्रवाहावरील पाठ्यपुस्तकही नावाजलेले होते. असा माणूस १९७० साली नोकरी सोडून सान दिएगोला गेला आणि एकच गोष्ट २००६ साली मरेपर्यंत सांगत राहिला: सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली, तिला काही हजार वर्षेच झाली, आणि खडकांतले जीवाश्म हा एकाच जलप्रलयाचा गाळ.

तारवाचा हिशेब मोठा बहारीचा आहे. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. हात साडेसतरा इंचांचा धरला की जवळजवळ १४ लाख घनफूट जागा होते, म्हणजे जनावरे नेणाऱ्या ५२२ वाघिणी. एका वाघिणीत मेंढ्या २४०. जनावरे फार तर ३५,०००, सरासरी मेंढीएवढी. म्हणजे १४६ वाघिणी पुरे! मी पाटीवर ताळा घेतला, गणित बिनचूक आहे.

पण ते गणित कशाचे? जनावरे मावतील एवढेच त्यातून कळते. ती चढली होती की नाही, हे कळत नाही. आपल्या मनूची नाव मत्स्याच्या शिंगाला बांधलेली होती. त्या शिंगाला किती मणांचा ताण बसला हे आजीला कुणी विचारले नाही, म्हणून गोष्ट काही उणी झाली नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. शेवट आधी ठरवून पात्रे तिकडे हाकीत न्यायची, ही आमची जातच. मॉरिसने खडकांना तसेच हाकले, आणि तेही इंजिनिअर असून! नदीला पूर जास्त येतो असे मोजणीत दिसले, तर इंजिनिअर पूल बदलतो, मोजणी नव्हे. टेक्सासातील पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसोरांबरोबर माणसाची पावले उमटली आहेत, असा पुरावा ग्रंथात दिला होता. तो वापरणे आता योग्य नाही, असे १९८६ साली त्याच्याच मुलाने, जॉन मॉरिसने, लिहिले.

याच बायबलाचा एक प्रचारक आपल्या विदर्भात होऊन गेला. १८४५ साली नागपूरला आलेला स्टीफन हिस्लॉप. टाकळीला काळ्या दगडांच्या थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. त्याने ते तसेच नोंदले आणि हंटर या सोबत्यासह १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र-मंडळाच्या नियतकालिकात छापले. लाव्हा निवावा, वर तळे साचावे, त्यात गोगलगायी जगाव्यात, मराव्यात, मग पुन्हा लाव्हा यावा, हे एका वर्षाच्या प्रलयात कसे बसवायचे? हिस्लॉपचा धर्म काही बुडाला नाही. तो स्वतः मात्र १८६३ साली बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात बुडाला.

हा वाद अमेरिकेचा म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धान्त चूक आहे आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमातून तो बदलला पाहिजे. माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे सांगितलेले नाही, हे कारण. ग्रंथ निराळा, पण रीत मॉरिसचीच! देशातल्या विज्ञान अकादमींनी लगेच निषेध केला, पण वर्गात पोरे विचारतात, “सर, मग परीक्षेत काय लिहायचं?” तेथे अकादमी येत नाही, मास्तरच उभा असतो.

ग्रंथातला तारवाचा भाग मौजेखातर जरूर वाचावा. खडकांच्या प्रकरणांकडे वळण्यापूर्वी मात्र मोर्शी तालुक्यातील सालबर्डीला एक चक्कर मारून यावी. तिथल्या परिसरात काळ्या पाषाणाखालच्या थरांत डायनोसोरांची अंडी सापडली आहेत. जगबुडीच्या त्या वर्षात अंडी घालायला त्यांना कोरडी जागा कुठे मिळाली, हे मॉरिसला विचारायचे राहून गेले.